खोली मिळाली का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या पाच काळ्या मुलींबद्दल मी जाता जाता दोन ओळी लिहिलेल्या, १९४६ साली त्या पहिल्यांदा विद्यापीठाच्या हॉस्टेलात राहायला गेल्या एवढंच, आणि त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव शहर, सगळीकडनं आलीत. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. लग्नाचं, नोकरीचं विचारलेल्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न : ताई, मी बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही त्या मुलींबद्दल लिहिलं आणि सोडून दिलं, मला नेमका त्याच विषयावर कॉलेजात सेमिनार द्यायचाय. पण एक कळत नाही. कॉलेजनं ॲडमिशन दिली, वर्गात बसवलं, मग हॉस्टेलचं एवढं काय? मी पण पहिलं वर्ष गावातनं अप-डाऊनच केलं की.
— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : अप-डाऊन केलंस म्हणतेस ना, मग तुला हे लवकर कळेल बघ. सकाळची गाडी चुकली की पहिला तास गेला. लायब्ररी उघडी असली तरी तुझं लक्ष घड्याळाकडं, कारण शेवटची बस. संध्याकाळी बाकीच्या पोरी एकत्र बसून नोट्स काढतात, कुणी जुने पेपर आणतंय, कुणी सीनियरला विचारून येतंय की सर काय टाकणार, आणि तू त्या वेळी सीबीटी बसस्टँडवर बॅग धरून उभी. हजेरीपटावर नाव होतं तुझं, पण शिकणं जिथं निम्मं होतं तिथं तू नव्हतीस. आणि तुला तर कुणी घालवलं नव्हतं, सोय नव्हती म्हणून तू गेलीस. त्या मुलींना सांगितलं जायचं की वर्गात बस, पण इथं झोपायचं नाही आणि इथल्या मेसमध्ये जेवायचं पण नाही.

ऑथरिन लूसीचं नाव तू कुठं ना कुठं वाचलं असशील. तिनं आणि तिची मैत्रीण पॉली ॲन मायर्स हिनं १९५२ साली अलाबामा विद्यापीठात अर्ज केला, ॲडमिशन मिळाली, आणि या मुली काळ्या आहेत हे कळल्यावर विद्यापीठानं ती काढून घेतली. मग तीन वर्षं कोर्ट. थर्गुड मार्शल, कॉन्स्टन्स बेकर मोटली, आर्थर शोर्स असे नावाजलेले वकील बाजूनं उभे होते. शेवटी लूसीला घ्यायलाच लागलं, पॉलीला काहीतरी कारण काढून बाहेरच ठेवलं, आणि लूसीला सुद्धा हॉस्टेल आणि मेस दोन्ही नाकारलं. आता ती राहणार कुठं? बर्मिंगहॅमला. तिथून टस्कलूसा, म्हणजे विद्यापीठाचं गाव, साठेक मैल, आपल्या हिशोबानं बेळगाव-हुबळी एवढं अंतर, तेवढं रोज गाडीनं यायचं आणि रोज जायचं. ३ फेब्रुवारी १९५६ ला पहिला तास केला. ६ तारखेला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, जमाव जमला, अंडी मारली, दगड मारले, आणि त्याच संध्याकाळी विद्यापीठानं तिला सस्पेंड केलं. जमावातल्या पोरांना नाही, तिला. कारण काय दिलं तर तिच्या स्वतःच्या सुरक्षेसाठी. त्याच महिन्यात नाव कायमचं काढून टाकलं. सेमिनारला हे 'सुरक्षेसाठी' अधोरेखित कर, कारण पाच वर्षांनी जॉर्जियात परत तोच शब्द आला.

जॉर्जिया विद्यापीठात जानेवारी १९६१ मध्ये शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स असे दोघं कोर्टाच्या ऑर्डरनं आत गेले. होम्स मुलगा, तो गावात एका काळ्या कुटुंबाकडं राहिला. मुलींना मात्र बाहेर राहायची परवानगी नव्हती म्हणून शार्लेनला मायर्स हॉल नावाच्या हॉस्टेलात खोली द्यायला लागली. आता बघ कशी दिली. बाकी सगळ्या गोऱ्या मुली वरच्या मजल्यावर आणि ही खाली तळमजल्यावर एकटी, स्वतःच्या स्वतंत्र खोल्यांत. ११ जानेवारीच्या रात्री बास्केटबॉलची मॅच हरल्यावर जमाव सरळ तिच्या खिडकीखाली आला. विटा, बाटल्या, काचा फुटल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आणि रात्रीच दोघांना सस्पेंड करून गाडीत घालून अटलांटाला पाठवलं, त्यांच्या सुरक्षेसाठी. कोर्टानं सांगितलं म्हणून त्यांना काही दिवसांत परत घेतलं. पण त्या खोलीतल्या रात्री तशाच, वरच्या मजल्यावरच्या मुली आळीपाळीनं फरशीवर पाय आपटायच्या म्हणजे खाली हिला झोप लागू नये. मला यातला 'आळीपाळीनं' हा शब्द फार टोचतो गं. रागात एखादा दगड मारतो ते वेगळं, आणि आता तू बस मी आपटते, मग तू ये, असं ठरवून रात्रभर करणं वेगळं. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, दुसऱ्या दिवशी तिला वर्गात जाऊन नोट्स घ्यायच्यात.

म्हणून तू विचारलंस ना हॉस्टेलचं एवढं काय, तर एवढं आहे. वर्गात शेजारच्या बाकावर कुणी बसलं तर तासाभरात उठून जातं. हॉस्टेलात एकच बाथरूम, एकच नळ, एकच इस्त्री, आणि रात्री दिवा कुणी बंद करायचा यावरनं बोलायलाच लागतं. ज्यांना हे लोक आपल्या बरोबरीचे व्हायला नको होते ते वर्गापेक्षा खोलीला जास्त घाबरायचे.

अजून एक चित्र देते, ते सेमिनारच्या शेवटी ठेवलंस तर चालेल. अलाबामालाच, ११ जून १९६३. काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात आडवा उभा, टीव्हीचे कॅमेरे, हे सगळ्या जगानं पाहिलंय. ॲडमिशन घ्यायला आलेली विव्हियन मलोन त्या वेळी गाडीत बसून होती. वॉलेस हटला नाही तेव्हा केंद्र सरकारचे अधिकारी कॅट्झनबाख यांनी काय केलं, तिला घेऊन सरळ हॉस्टेलात गेले, मेरी बर्क हॉल, आणि ती तिच्या खोलीत गेली. म्हणजे रजिस्टरवर नाव यायच्या आधी तिच्याकडं खोली होती. नाव नोंदायला वॉलेस दुपारी बाजूला झाला. १९६५ ला ती तिथनं पास होऊन बाहेर पडली.

प्रश्न : त्या मुलींबद्दल मी वाचलं की काळ्या मुलींना हॉस्टेल बंद होतं तेव्हा काळ्या बायकांनी स्वतःचं वेगळं घर घेऊन मुलींना ठेवलं. मग ते पण वेगळेपणच झालं ना? आमच्या बाजूला कोल्हापुरात जातीजातीची बोर्डिंग होती, माझे वडील त्यातल्याच एका बोर्डिंगात शिकले. ते चांगलं म्हणायचं की वाईट?
— निवृत्त प्राथमिक शिक्षक, निपाणी

उत्तर : गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस विचार करत होते, कारण माझ्या माहेरची दोन माणसं अशाच बोर्डिंगमुळं शिकली.

आधी आयोवाचं सांगते. आयोवा सिटीत काळ्या मुलींना विद्यापीठात प्रवेश होता पण हॉस्टेलात नव्हता. तिथल्या काळ्या बायकांच्या क्लबांची राज्यभर एक फेडरेशन होती, त्या बायकांनी १९१९ साली वर्गणी जमवून ९४२ आयोवा ॲव्हेन्यू या पत्त्यावर एक घर विकत घेतलं. हे म्हणजे आपल्या महिला मंडळांनी मिळून टिळकवाडीत घर घेण्यासारखं आहे, आजच्या काळात सुद्धा जमेल का सांगा. पंचवीसेक वर्षं मुली तिथं राहून शिकल्या. आणि मग १९४६ च्या सत्रात एस्थर वॉल्स, व्हर्जिनिया हार्पर, नॅन्सी हेन्री, लिॲन हॉवर्ड, ग्वेन डेव्हिस या पाचजणी करिअर हॉल नावाच्या मुलींच्या हॉस्टेलात राहायला गेल्या. ते १९१९ चं घर नसतं तर त्याच्या आधीच्या कितीतरी पोरी आयोवा सिटीत टिकल्याच नसत्या. मागनं येणाऱ्यांना दार ठोठवायला आधी गावात कुणीतरी टिकून राहायला लागतं की.

टेक्सासला तसंच. ऑस्टिनच्या विद्यापीठानं १९५६ ला काळ्या मुलामुलींना पदवीच्या वर्गात घेतलं, पण गोऱ्या मुलींच्या हॉस्टेलात ठेवलं नाही. अल्मेट्रिस ड्युरेन नावाच्या बाईंनी काळ्या मुलींचं वेगळं घर सांभाळलं, पोरी त्यांना ममा ड्युरेन म्हणायच्या. आणि शेजारच्या मोठ्या हॉस्टेलात, किन्सॉल्व्हिंग त्याचं नाव, १९६१ ला असे नियम की काळी मुलगी मैत्रिणीला भेटायला आली तर मैत्रिणीच्या खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं, आणि तिथलं बाथरूम किंवा प्यायच्या पाण्याचा नळ वापरायचा नाही. पाण्याचा नळ! आपल्याला हे समजावून सांगायला लागत नाही ना गुरुजी, आपल्या गावात आडावर काय चालायचं ते तुम्ही पण पाहिलंय आणि मी पण.

आता दुसऱ्या तऱ्हेचं वेगळेपण बघा. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोच्या वुमन्स कॉलेजनं १९५६ ला दोन काळ्या मुली घेतल्या, जोॲन स्मार्ट आणि बेटी टिलमन. हॉस्टेलात पण घेतलं, नाही म्हटलं नाही. पण शॉ हॉलच्या तळमजल्यावरचा एक अख्खा भाग त्या दोघींना दिला, बाथरूम सकट. दोन पोरींना एवढी जागा. वरनं बघणाऱ्याला वाटेल केवढी चैन. पण ती मोकळी जागा त्यांच्यासाठी ठेवलेली नव्हतीच, दुसऱ्या मुलींना त्यांच्या बाथरूमला हात लावायला नको म्हणून ठेवलेली.

माझं मत विचारलंत तर ममा ड्युरेनचं घर आणि शॉ हॉलचा तो भाग या दोन्हीला एकच शब्द लावायचा नाही. एक आपल्या माणसांनी डोक्यावर छप्पर असावं म्हणून उभं केलं, दुसरं मालकानं अंतर राहावं म्हणून आखलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंग काढायला सुरुवात केली ती पहिल्या तऱ्हेची. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. ते नसतं तर ती पोरं कोल्हापुरात राहिली असती कुठं, कुणाच्या पडवीत? डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ ला सोलापुरात बोर्डिंग काढलं ते पण याच गरजेतनं. बाबासाहेबांना स्वतःला हे माहीत होतं. १९१७ ला अमेरिकेत शिकून बडोद्याला नोकरीवर आले आणि राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजानं, पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाली. दोन मित्रांकडं विचारलं, दोघांनी कारणं सांगितली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस बडोद्याच्या बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत गेला.

पण हे पण खरं आहे की बोर्डिंगं पुढं त्या त्या जातीची मिरवायची जागा व्हायला लागली आणि महाराजांचा हेतू तो नव्हता. तुमच्या वडिलांचं बोर्डिंग चांगलंच होतं. त्यांच्या नातवंडांना आज पण जातीचंच बोर्डिंग शोधायला लागत असेल तर ते चांगलं नाही, आणि त्याचा दोष बोर्डिंगचा नाही, बाकीच्या दारांचा आहे.

प्रश्न : मी लॉ करतोय. या मुली कोर्टात गेल्या आणि जिंकल्या असंच झालं का?
— चिकोडी

उत्तर : नाही, आणि हरलेल्या केसेस पण अभ्यासायला पाहिजेत. ओहायो स्टेट विद्यापीठात डोरिस वीव्हर गृहविज्ञान शिकत होती. त्या कोर्समध्ये काही काळ 'होम मॅनेजमेंट हाऊस' मध्ये सगळ्या मुलींनी एकत्र राहायचं, स्वयंपाक, हिशेब, सगळं मिळून करायचं, हा अभ्यासाचाच भाग. तिला सांगितलं की तू त्या घराच्या वेगळ्या भागात राहा. ती कोर्टात गेली आणि १९३३ ला ओहायोच्या सुप्रीम कोर्टानं विद्यापीठाच्या बाजूनं निकाल दिला, म्हणजे वेगळं दिलं तरी सोय दिलीच ना, असं. हे वर्णभेदासाठी कुप्रसिद्ध असलेल्या अमेरिकेच्या दक्षिणेत नाही, उत्तरेत झालंय, ते लक्षात घे. आणि टेक्सासला १९६१ ला तीन विद्यार्थ्यांनी हॉस्टेलवरनं केस केली, विद्यापीठाच्या मंडळानं १९६४ च्या मे महिन्यात वर्णावरनं खोल्या वाटायचं बंद केलं. शाळांत काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन निकाल १९५४ ला लागून दहा वर्षं झालेली.

प्रश्न : त्या मुलींचं पुढं काय झालं हो? माझी नात विचारतेय.
— आजी, शहापूर, बेळगाव

उत्तर : आजी, नातीला सांगा. आयोवाच्या पाचांतली एस्थर वॉल्स न्यूयॉर्कला हार्लेममध्ये ग्रंथपाल झाली. व्हर्जिनिया हार्पर आपल्या फोर्ट मॅडिसन गावी परतली, आणि तिथं काळ्या आणि मेक्सिकन लोकांच्या वस्तीतनं हायवे न्यायचा घाट घातला तेव्हा त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडली. आपल्याकडं बायपासात पिकाची जमीन गेलेल्यांना ते भांडण काय असतं ते कळेल. शार्लेन हंटर मोठी पत्रकार झाली. ऑथरिन लूसीची हकालपट्टी विद्यापीठानं १९८८ ला रद्द केली, मग ती परत तिथंच शिकायला गेली आणि १९९२ ला एम.ए. झाली, त्याच वर्षी तिची मुलगी पण तिथनंच पदवीधर झाली.

आणि एक फार जुनी गोष्ट. जॉर्जियाना सिम्पसन १९०७ ला शिकागो विद्यापीठाच्या हॉस्टेलात राहायला आली तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई होती. काही गोऱ्या मुलींनी तक्रार केली, हॉस्टेल बघणाऱ्या सोफोनिस्बा ब्रेकिनरिज बाई म्हणाल्या ती राहील, पण वरनं अध्यक्ष हॅरी प्रॅट जडसन यांनी सांगितलं काढा. ती बाहेर राहिली, उन्हाळ्यातले तास केले, पोस्टानं अभ्यास केला, आणि १९२१ ला जर्मन भाषेत पीएच.डी. घेतली, वयाच्या ५५ व्या वर्षी. २०१७ ला विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन तिचा अर्धपुतळा कॅम्पसवर बसवला, आणि तो बसवला जडसन यांच्या शिल्पाच्या समोर. आता ते दोघं रोज एकमेकांकडं बघतात.

प्रश्न : ताई, माझं नाव छापू नका. मी कॉलेजजवळच्या एका पीजीत रूम बघायला गेले. काकूंनी छान बोलून रूम दाखवली, डिपॉझिट सांगितलं, मग पूर्ण नाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर म्हणाल्या घरच्यांना विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी फोन केला तर रूम भरली. संध्याकाळी माझ्या मैत्रिणीनं फोन केला तर तिला या म्हणाल्या. मी आता काय करू? आई म्हणते गप्प राहा.
— बेळगाव

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी या सगळ्यांच्या शेवटी ठेवलं कारण वरचं सगळं तुझ्यासाठीच लिहायला घेतलेलं.

एक गोष्ट कबूल करायचीय. मी हॉस्टेलात असताना आमच्या खोलीत चौथी मुलगी आली, हुशार, कायम हसतमुख. आठवड्याभरात तिचा पितळी पेला कुणीतरी माठाजवळनं उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कुणी काही बोललं नाही. तिनं पण विचारलं नाही, ती त्यानंतर कट्ट्यावरनंच पेला घ्यायची आणि पाणी मागायची, स्वतः माठात हात घालायची नाही. मी रोज बघत होते आणि मी तो पेला उचलून परत माठाजवळ ठेवला नाही. दुसऱ्या सत्रात ती हॉस्टेल सोडून गेली, मावशीकडं राहते म्हणाली. आज एवढ्या वर्षांनी मला तो कट्टा, पेल्याची कड कुठं चेपलेली होती ते पण दिसतं.

तर तू काय करायचं. आजच्या आज वहीत लिहून काढ, तारीख, वेळ, त्या काय बोलल्या, शब्दशः. फोनची नोंद आणि व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नको, मैत्रिणीला पण तिच्या फोनची नोंद ठेवायला सांग. अस्पृश्यतेच्या कारणावरनं कुणाला राहत्या जागेपासून अडवणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १४५६६ हा हेल्पलाइन नंबर फुकट आहे, तिथं फोन करून नुसती माहिती घेतलीस तरी चालतं. तक्रार करायची की नाही हे तू ठरव, आई घाबरते कारण तिनं जास्त बघितलंय, तिच्यावर चिडू नको. तक्रार केली नाहीस तरी तू भित्री ठरत नाहीस.

कॉलेजात तुझ्या विश्वासातल्या एका मॅडमना हे सांग, एकटीच्या पोटात ठेवू नको. समाज कल्याण खात्याच्या मुलींच्या हॉस्टेलात जागा आहे का ते पण बघ, वर्षाच्या मध्यात सुद्धा कधी कधी एखादी कॉट रिकामी होते, अर्ज देऊन ठेवायला हरकत नाही. आणि तोपर्यंत टिळकवाडीत माझ्या ओळखीची दोन घरं आहेत जिथं मुली राहतात. मी स्वतः जाऊन बोलून आलेय, मागच्या गुरुवारी. एका घरात खिडकीकडची कॉट मोकळी आहे, भाडं थोडं जास्त आहे पण मेस धरून आहे, आणि घरमालकीण बाईंनी मला एवढंच विचारलं की पोरगी रात्री अभ्यासाला दिवा ठेवते का, कारण दुसरी पण ठेवते. शनिवारी दुपारी मी घरी आहे. आईला घेऊन ये, आपण तिघी जाऊन बघून येऊ.